शिष्यवृत्तीची मोटार आणि शॉकअपमधले तेल

एप्रिल महिना आपल्याकडील कार्यकर्त्याला घरी बसू देत नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, मंडपवाल्याचे बिल, वक्त्यांची ने-आण हे सारे आटोपून मी मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी जरा आडवा झालो होतो, तोच ताईचा फोन आला. "तू सगळ्या समाजाला शहाणपण सांगत फिरतोस ना? मग आता येऊन तुझ्या भाचीला चार शब्द सांग," एवढे बोलून तिने फोन ठेवला.

प्रकरण असे होते. माझी भाची मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षात आहे. दोन वर्षांचा थकलेला शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता तिच्या खात्यात एकदम जमा झाला आणि त्यातले साडेपाच हजार रुपये देऊन तिने एका वर्गमैत्रिणीच्या भावाकडून रिमोटवर चालणारी जुनी मोटार विकत घेतली. आमचे दाजी रिक्षा चालवतात. साडेपाच हजार रुपये म्हणजे किती फेऱ्या, हे त्यांना बोटांवर सांगता येते. त्यांनी मुलीवर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही, पण आठ दिवस तिच्याशी बोलणे टाकले होते. आमच्या घरात ही शिक्षा सर्वात मोठी समजली जाते.

मी गेलो तो रागावण्याच्या तयारीनेच गेलो. हा पैसा कोणाच्या पुण्याईने मिळतो, बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयांना निवेदन देऊन आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली तेव्हा काय परिस्थिती होती, हे सर्व भाषण मी वाटेत मनाशी जुळवून ठेवले होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, तुमचं सगळं खरं आहे. पण तुम्ही एकदा हिचं वरचं झाकण काढून बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

झाकण काढले आणि माझे भाषण तिथेच अडले, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. जत्रेतली बॅटरीची मोटार असते तसे ते काही नव्हते. आत शब्दशः एक मोटारगाडी होती. चारही चाकांना स्वतंत्र हात, प्रत्येक हाताला स्प्रिंग बसवलेला आणि आत तेल भरलेला शॉकॲब्सॉर्बर, मागच्या चाकांना डिफरन्शियल, पुढच्या चाकांना वळवणारे दांडे. दांड्यांची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करता येत होती. प्रत्येक भाग स्क्रूने जोडलेला, म्हणजे प्रत्येक भाग सुटणारा आणि मोडला तर बदलता येणारा. लांबी साधारण हातभर, वजन दीड किलोच्या आसपास. या जातीच्या गाडीला बग्गी म्हणतात आणि खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची म्हणून ती ओळखली जाते. खडबडीत मातीच्या मैदानावर, चढउतारांवर, उड्या मारत ती शर्यतीत पळते.

या छंदाचे मूळ आपल्याकडचे नाही. जपानच्या टामिया कंपनीने 1976 मध्ये पोर्शे 934 या गाडीची रिमोटवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. ती सपाट रस्त्यावरची होती. पुढे मातीत पळणाऱ्या बग्ग्या आल्या आणि 1984 साली टामियाच्याच ग्रासहॉपर व हॉर्नेट या गाड्यांनी हजारो घरांत प्रवेश केला. या गाड्या सुट्या भागांच्या पेटीतून येत. मुलाने चित्रांचे पुस्तक समोर ठेवून स्वतःच्या हाताने ती बांधावयाची, ही त्यातली खरी गोष्ट. ग्रासहॉपरला स्प्रिंगा होत्या, पण शॉकअपमध्ये तेल नव्हते. त्यामुळे ती खड्ड्यावरून बेडकासारखी टुणटुणत जाई. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील असोसिएटेड या कंपनीने आर.सी. 10 नावाची बग्गी काढली. ॲल्युमिनियमची चॅसी, चारही बाजूंना तेल भरलेले शॉकअप, आणि हवे तसे बदल करता यावेत म्हणून जागोजागी जादा भोके. ही गाडी खेळणे म्हणून नव्हे तर शर्यतीचे यंत्र म्हणून आखलेली होती. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच डेल मार येथे या प्रकारच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 1987 साली इंग्लंडमधील स्पर्धेत चारही चाकांवर चालणाऱ्या बग्गीच्या गटात मसामी हिरोसाका हा जपानी मुलगा जिंकला, तेव्हा त्याची विशी उलटलेली नव्हती. पुढे त्याने निरनिराळ्या गटांत मिळून चौदा जागतिक विजेतेपदे मिळवली.

ही माहिती मला भाचीने दिली. मला विशेष वाटले ते त्या जादा भोकांचे. जी वस्तू विकत घेतानाच सांगते की मला बदला, सुधारा, ती वस्तू वेगळीच म्हणावी लागेल. आमच्या लहानपणी आम्ही झिजलेल्या स्लिपरा कापून चाके करीत असू आणि सायकलच्या टायरला काठीने हाणत गल्लीभर पळत असू. चाके वाकडी लागली तर गाडी वाकडी जाते, एवढे यंत्रशास्त्र आम्हालाही तेव्हा समजले होते. त्याच्या पुढचे कोणी सांगितले नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाचीने गाडी विहाराच्या मागच्या मुरुमाच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे तिने चुन्याची फक्की टाकून एक वाकडातिकडा रस्ता आखला होता आणि मध्ये दोन विटांवर फळी टेकवून उडी तयार केली होती. गाडी सुटली ती अशी की मी दचकलो. पण फळीवरून उडाली आणि खाली आपटल्यावर मागचा भाग चेंडूसारखा दोनदा तीनदा उसळला, गाडी कलंडली आणि पालथी झाली. परत सोडली, परत तेच. वस्तीतली बारकी पोरे टाळ्या पिटत होती. भाचीचे तोंड मात्र उतरले होते. "मामा, वेग आहे हिच्यात. पण जमीन धरत नाही," ती म्हणाली.

जमीन धरणे हा या सगळ्या विद्येचा गाभा आहे. मोटर कितीही जोरकस असो, चाक जमिनीला टेकलेले नसेल तर तो जोर हवेत जातो. चाक खड्ड्यात उतरले पाहिजे, उंचवट्यावर चढले पाहिजे, आणि ते करताना वरची गाडी शक्य तितकी स्थिर राहिली पाहिजे. हे काम दोघे मिळून करतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, धक्का बसला की दबते आणि साठवलेला जोर परत देते. हा परतीचा जोर आवरला नाही तर गाडी उसळतच राहते. तो आवरण्याचे काम तेलाचे. शॉकअपच्या नळीत तेल असते, त्यात बारीक भोके असलेली एक चकती वरखाली होते आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. त्या झटापटीत उसळीचा जोर खर्ची पडून त्याची उष्णता होते. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी तालुक्याचा प्रवास केला आहे, त्यांना नुसती स्प्रिंग आणि आवरलेली स्प्रिंग यांतला फरक मी वेगळा सांगावयास नको.

तेल दाट असेल तर चकती हळू सरकते, पातळ असेल तर झटकन. हे तेल सिलिकॉनचे असते आणि बाटलीवर दाटपणाचा आकडा असतो, 300, 400, 500 असा. आकडा जेवढा मोठा तेवढे तेल दाट. घरातले शिवणयंत्राचे तेल चालेल असे समजून ते घालू नये, त्याने आतल्या रबराच्या कड्या फुगण्याची भीती असते. खड्डेच खड्डे असलेल्या जागी पातळ तेल बरे, कारण चाकाला पटापट वरखाली व्हावे लागते. सपाट जागी आणि मोठ्या उड्या असतील तर दाट तेल बरे. चकतीच्या भोकांचेही तसेच आहे. भोके अगदी बारीक असली आणि धक्का जोराचा बसला तर तेलाला निघायला सवडच मिळत नाही, ते जवळजवळ गोठल्यासारखे वागते. मोठ्या उडीनंतर हे उपयोगी पडते, गाडीचे पोट जमिनीवर आपटत नाही. पण बारीक गिट्टीवर तीच गाडी दगडासारखी टणक होऊन घसरते.

हे सगळे भाचीला पाठ होते. अडचण अशी की ती घाईघाईने एकाच वेळी चार गोष्टी बदलत होती. तेल बदलले, स्प्रिंग बदलली, चाकांचा कल बदलला, आणि गाडी जरा बरी धावली तर कशामुळे धावली ते सांगता येईना. बिघडली तरी कशामुळे बिघडली ते कळेना. इथे मला तोंड उघडायला जागा मिळाली. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. यंत्रातले मला काही कळत नाही, पण जमाखर्चात दोन नोंदी एकत्र केल्या तर फरक सापडत नाही, हे मी वीस वर्षे बघत आलो आहे. मी तिला जयंतीच्या हिशेबाची उरलेली एक जाड वही दिली. एका ओळीत एकच बदल. तारीख, वेळ, जमीन कोरडी की ओली, काय बदलले, आधी किती आणि नंतर किती. मग पाच फेऱ्या मारायच्या, मोबाइलमधल्या घड्याळावर प्रत्येक फेरीची वेळ घ्यायची आणि सरासरी काढायची. फायदा झाला नाही तर बदल जसाच्या तसा मागे घ्यायचा आणि तेही लिहायचे. चुकीची नोंद खोडून टाकायची नाही, लाल शाईने शेरा मारायचा. शर्यतीत भाग घेणारी परदेशी मंडळीही प्रत्येक मैदानासाठी असाच छापील तक्ता भरून ठेवतात, हे तिने मला मागाहून सांगितले. तेव्हा आपण काही नवीन शोधले नव्हते, पण बरे वाटले.

वहीची पहिली चार पाने अगदी साध्या तपासणीची आहेत, आणि माझ्या मते तीच सर्वात महत्त्वाची. शॉकअप सोडवून ठेवायचे आणि चाकाचा हात उचलून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर कुठेतरी तो घासतो आहे, आणि मग वरून कितीही भारी तेल घाला, उपयोग नाही. भाचीच्या गाडीचा मागचा उजवा हात मध्येच अडकत होता. खिळीभोवती मुरुमाची धूळ जाऊन घट्ट झाली होती. जुन्या टूथब्रशने साफ केल्यावर तो सुटला. दुसरी तपासणी उंचीची. बॅटरी घालून गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर टाकायची, हलू द्यायची आणि स्थिरावली की पाहायचे. सुरुवातीला चाकांचे हात जमिनीशी समांतर असावेत असा ठोकताळा आहे. उंची वाढवली तर खड्ड्यांत पोट घासत नाही, पण वळणावर गाडी कलंडते. तीन चाकी चालवणाऱ्या दाजींना हे कोणी शिकवावे लागले नसते, पण ते अजून बोलत नव्हते. ओट्यावर बसून रिक्षाचे आरसे पुसत होते.

तिसरी तपासणी टायरची. ज्याला गाडीवर पैसे खर्च करायचे आहेत त्याने आधी टायरवर करावेत, याबद्दल या छंदातल्या लोकांत फारसा मतभेद दिसत नाही. टायरमध्ये हवा नसते, आत स्पंज असतो आणि टायर रिमला फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवलेला असतो. सैल मातीला लांब काटे, टणक जमिनीला बुटके काटे. भाचीच्या मागच्या टायरांचे काटे झिजून गेले होते. नवी जोडी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आम्ही डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. काट्यांची न झिजलेली कड पुढे आली आणि थोडा फरक पडला. थोडाच.

चाकांचा कल आणि तोंड हा विषय मला समजायला दोन रविवार लागले. समोरून पाहिले तर चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकलेला असावा, एखादा अंश पुरे. वळताना गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरचे चाक त्यामुळे पुरते जमिनीवर बसते. वरून पाहिले तर मागच्या दोन चाकांची तोंडे थोडी आत वळलेली असतात, मागच्या चाकांवर चालणाऱ्या बग्गीत साधारण तीन अंश. म्हणून जोर दिल्यावर शेपूट भिरभिरत नाही. अंश मोजायला आमच्याकडे कंपासपेटीतला कोनमापक होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून भाचीने मापाची पट्टी केली. बाजारात यासाठी धातूची महागडी साधने मिळतात, पण पुठ्ठ्याने आमचे काम भागले.

एवढे सगळे होऊनही गाडीचा मागचा भाग उसळायचा तो उसळतच होता. तेल 400 वरून 500 केले, दोन दिवस बरे वाटले, पुन्हा उसळणे सुरू. वहीत पाच लाल शेरे पडले. मी मनातून कंटाळलो होतो आणि तिला आता हे पुरे कर, अभ्यासाला बस, असे सांगण्याच्या बेतात होतो.

त्या संध्याकाळी दाजी भाडे सोडून लवकर परतले होते. रिक्षा उभी करून ते विहाराच्या भिंतीपाशी आले आणि पाचदहा मिनिटे काही न बोलता बघत राहिले. गाडी आपटली, उसळली. ते पुढे झाले, गाडी उचलली, मागचा डावा भाग कानाशी नेला आणि तळहाताने हळूहळू दाबला. मग उजवा दाबला. म्हणाले, "आत बुडबुड वाजतंय. तेलात हवा राहिलीय. माझ्या पुढच्या शॉकअपचं तेल निघालं होतं तेव्हा गाडी अशीच नाचायची." आणि मग, आठ अधिक चौदा दिवसांनी, मुलीकडे बघून म्हणाले, "भरताना घाई करतेस तू."

खरेच ती घाई करत होती. तेल ओतले, झाकण लावले, संपले. हवा तेलात मिसळली की तेलाचा फेस होतो, आणि चकती तेलातून जाण्याऐवजी फेसातून जाते. फेसाला आवर घालता येत नाही. दाजींनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरले. शॉकअप उभा धरून झाकण काढले, दांडा खाली ओढून चकती तळाशी नेली आणि तेल काठोकाठ भरले. मग दांडा अगदी सावकाश वरखाली केला. मात्र चकती तेलाच्या बाहेर येऊ दिली नाही, कारण बाहेर आली की ती पुन्हा हवा घेऊन आत जाते. बारीक बुडबुडे वर येऊ लागले. "आता चहा घे," दाजी म्हणाले. दहापंधरा मिनिटे शॉकअप पेल्यात उभे ठेवले. बुडबुडे संपल्यावर पुन्हा दोन थेंब घालून तेल काठावर आणले आणि झाकण तिरके टेकवून बसवले, जादा तेल बाजूने निघून गेले. डावा आणि उजवा शेजारी धरून दोन्ही दांडे एकदम दाबले. दोन्ही सारख्याच वेगाने परत आले पाहिजेत. पहिल्या वेळी डावा मागे राहिला, म्हणून तो पुन्हा उघडला. ताई दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा चहा आला.

दुसऱ्या दिवशी गाडी हातभर उंचीवरून सपाट पडेल अशी सोडून पाहिली. पोट जमिनीला जेमतेम लागले आणि गाडी तिथेच बसली. उसळली नाही. फळीवरून उडाली आणि उतरल्याबरोबर पुढे धावली. पाच फेऱ्यांची सरासरी 21 सेकंदांवरून 19 वर आली. वहीतल्या त्या पानावर भाचीच्या अक्षरात 'हवा काढली' आणि पुढे कंसात 'पप्पा' असे लिहिलेले आहे.

परंतु यंत्राचे असे आहे की एक दोष गेला की त्याच्या मागे लपलेला दुसरा पुढे येतो. मागची चाके आता जमीन धरू लागली, तर पुढची हटून बसली. वळण घ्यायला सांगावे आणि गाडीने सरळ जाऊन भिंतीचे दर्शन घ्यावे. उपाय म्हणून पुढे मऊ स्प्रिंग घातली. मऊ केल्यावर पुढची पकड वाढते, हा सर्वसाधारण नियम आहे. पकड इतकी वाढली की नाक आत घुसून शेपूट गरकन फिरू लागले. टणक घातली की वळेना, मऊ घातली की भोवरा. भाची वैतागून वही मिटून बसली.

तेव्हा मला सोण स्थविराची कथा आठवली आणि मी ती तिला तिथेच मुरुमावर बसून सांगितली. विहारात आपण ती ऐकतो, पण तंबोऱ्याशी किंवा वीणेशी संबंध नसलेल्या आजच्या मुलांच्या ती डोक्यावरून जाते. सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घरचा मुलगा, इतका सुखात वाढलेला की त्याच्या पायांचे तळवे कोवळे होते. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण करताना इतका अट्टहास केला की पाय फुटून वाट रक्ताने माखली, आणि तरीही काही साधत नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवान बुद्धांनी त्याला उपदेशाचे मोठे प्रवचन दिले नाही. त्याला वीणा वाजवता येत असे, म्हणून त्याबद्दल विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर लागतो का? सोणाने स्वतःच उत्तर दिले. भाचीने ऐकून घेतले आणि तिचा पहिला प्रश्न असा होता, "मग त्या वीणेला खुंट्या किती होत्या?" मला ते माहीत नव्हते. पण तिचा प्रश्न बरोबर होता. मध्य साधायला फिरवता येईल अशी खुंटी लागते. दोनच स्प्रिंगा असतील तर मधली कुठून आणणार?

खुंटी तिलाच सापडली. शॉकअपचे वरचे टोक ज्या पट्टीला अडकवतात तिच्यावर तीन भोके होती. टोक आतल्या भोकात लावले की शॉकअप आडवा होतो आणि तीच स्प्रिंग सुरुवातीला मऊ लागते. बाहेरच्या भोकात उभा राहतो आणि टणक लागतो. तिने मऊ स्प्रिंग तशीच ठेवली आणि टोक एक भोक बाहेर सरकवले. गाडी वळू लागली आणि शेपूटही ताळ्यावर राहिले. सरासरी 18 सेकंदांच्या थोडी वर. एक पैसा खर्च झाला नाही, म्हणून मी त्या नोंदीखाली सही केली.

आता खर्चाचे बोलले पाहिजे, कारण हे वाचून एखाद्या घरात मुलाने हट्ट धरला तर त्याचे पाप माझ्या माथी नको. हा छंद स्वस्त नाही. गाडी परवडली तरी तिचे टायर, बॅटरी, मोडणारे हात यांना पैसे लागतात. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहा महिन्यांचा जादा खर्च एक हजार नऊशे चाळीस रुपये लागला आहे. तो भाचीने वस्तीतल्या दहावीच्या तीन मुलींना गणित शिकवून भागवला. साडेपाच हजारांपैकी दोन हजार तिने ताईला परत केले आहेत, बाकीचे चालू आहेत. घरात न विचारता पैसे खर्च केले ही तिची चूक होती आणि अजूनही आहे, हे मी तिला सांगितले व तिने मान्य केले. दुसरी गोष्ट बॅटरीची. हल्लीच्या लिथियम बॅटऱ्या ताकदीच्या, पण चुकीच्या चार्जरवर लावल्या किंवा फुगलेल्या वापरल्या तर पेट घेतात. त्या चार्जिंगला लावून झोपू नये किंवा बाहेर जाऊ नये. आमच्याकडे बॅटरी ओट्यावर मातीच्या कुंडीत ठेवून, कोणीतरी समोर बसूनच चार्ज होते.

आणि तरीही, हे खेळणे आपल्या मुलांसाठी नाही असे जे आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला बजावले, ते मला पटलेले नाही. शिष्यवृत्ती पुस्तकांसाठी असते हे खरे. पण मेकॅनिकलच्या पुस्तकात स्प्रिंग आणि डॅम्परची आकृती आहे, ती भाचीने पहिल्या वर्षी पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, आणि तिला त्यावर पुरेसे गुणही पडले होते. तेलात हवा राहिली की काय होते हे त्या उत्तरात कुठे नव्हते. ते तिच्या बापाला ठाऊक होते आणि त्याला कोणी गुण दिले नव्हते. मध्य प्रदेशात पिथमपूरला 2007 सालापासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात मुले खरीखुरी, माणूस बसणारी बग्गी स्वतः आखून, बांधून खडबडीत मैदानावर चालवतात. डिप्लोमानंतर पदवीला प्रवेश मिळाला तर अशा चमूत जायचे, असे भाचीच्या मनात आहे. मिळेल न मिळेल, आज मी त्यावर काही बोलत नाही.

गेल्या डिसेंबरात एक नवीन घोळ झाला. पहाटेच्या थंडीत नऊच्या आधी गाडी काढली की ती टणक धावे, खड्ड्यांवरून चाके उडत. दुपारी तीच गाडी, तेच तेल, पण व्यवस्थित. दोन रविवार आम्ही स्क्रू तपासण्यात घालवले. मग भाचीनेच वहीची मागची पाने उलटून वेळेचा रकाना पाहिला. थंडीने तेल दाट होत होते. दाजींनी हे ऐकून मान डोलावली आणि थंडीत रिक्षासुद्धा पहिले दोन किलोमीटर तशीच जाते असे सांगितले. आता सकाळसाठी 300 आणि दुपारसाठी 400 असे ठरले आहे. वहीत तपमानाचा एक नवा रकाना पाडला असून, विहाराच्या खोलीत भिंतीवर लावलेला तापमापक रविवारी सकाळी तासाभरासाठी नेण्याची परवानगी भाचीने मंडळाकडे रीतसर अर्ज करून मागितली आहे. अर्ज माझ्याकडेच आला आहे.